फ्लेक्सवरची सरपंच

माझी समुपदेशनाची खोली नारायणगावात, पप्पांच्या कापड दुकानाच्या वर आहे. याचा एक फायदा आहे. वर येणाऱ्या बाईला जिन्यात कोणी ओळखीचं भेटलं, तर ‘साडी बघायला आले’ म्हणता येतं, आणि तसं म्हटल्यावर निदान एखादा ब्लाउजपीस घ्यावाच लागतो. त्यामुळे माझं काम काय आहे हे पप्पांना नीट कळलेलं नसलं, तरी त्यांची त्याला हरकत नसते.

तेजस्विनी नवऱ्याबरोबर आली. महाळुंगे पडवळच्या अलीकडे तिचं गाव. गावाचं नाव लिहू नका, बाकी खुशाल लिहा, असं तिनेच सांगितलं आहे. सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं आणि ती बिनविरोध निवडून आली होती. सोमवारी पदभार घ्यायचा होता, आणि ती म्हणत होती, मी जाणार नाही.

“चूक माझी हाय, मॅडम,” तिचा नवरा भरत म्हणाला. “हौसेनं चौकात फ्लेक्स लावला.”

त्याने फोन पुढे केला. फ्लेक्सवर एक गोरीपान, निमुळत्या हनुवटीची, सडपातळ बाई हात जोडून उभी होती. माझ्यासमोर बसलेली तेजस्विनी सावळी, रुंद खांद्यांची आणि चांगली भरलेली होती.

“फ्लेक्सवाला अमृत म्हणला, वहिनीला जरा फ्रेश करू का? मी म्हणलो, कर.”

“लई फ्रेश केलं,” तेजस्विनी म्हणाली. “निम्मी काढूनच टाकली. आता गाव म्हणंल, फोटूतली कुठंय, आन ही कोण आली? तेवढी बारीक व्हईस्तोवर मी घराभाईर पडणार न्हाई.”

रात्रीचं जेवण तिने बंदच केलं होतं.

“तवर सह्या घरीच करंल की,” भरत म्हणाला. “माझा भाऊ सोपान सदस्य हाय. हापिसातलं तो बघंल.”

“ऐकलं का, मॅडम? मी बसायच्या आधी माझी खुर्ची भरली बी.”

मी भरतला खाली पप्पांकडे पाठवलं. तो गेल्यावर तेजस्विनीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुमी मागच्या साली बचत गटाच्या कार्यक्रमाला आल्या व्हत्या. तवा अंगानं बऱ्या व्हत्या. आता कशा वाळल्या ओ? काय खाता, ते आमाला बी सांगा की.”

फेब्रुवारीपासून बाजारपेठेतल्या निम्म्या बायकांनी हेच विचारून माझं अभिनंदन केलं होतं. मी हसून वेळ मारून न्यायचे. समोरच्याच्या वेळात आपलं काही सांगू नये, असं आमची पुस्तकं बजावतात, आणि ती मी नीट वाचली आहेत.

“मम्मी गेली,” मी म्हणाले. “जेवण जात नाही.”

तिने जीभ चावली. “अगं बया. आन मी डायट विचारतीये.” “मंग ह्यो डायट नगं आपल्याला.”

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं.

मग मी आणखी सांगितलं. मम्मी स्वतःला जाडी समजायची. लग्नात फोटोची वेळ आली की सगळ्यांच्या पर्स सांभाळायला बाजूला व्हायची. ती गेल्यावर घरात तिचा धड फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा चेहरा काढून याच अमृतने तो कुठल्याशा हिरव्या साडीतल्या शिडशिडीत अंगावर बसवला. भेटायला येणारे म्हणायचे, छान आलाय. पप्पा त्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ही साडी आपल्या दुकानातली नाही.” मी मम्मीच्या हनुवटीखालची घडी शोधत होते. ती हसली की आधी ती घडी हलायची.

तेजस्विनीने पदराने नाक पुसलं. “त्या अमृतला येकदा गाठलाच पायजे,” ती म्हणाली.

आमचं ठरलं ते असं: शनिवारी सकाळी तिने चौकात, त्याच फ्लेक्सशेजारी उभं राहायचं आणि लोक खरंच काय म्हणतात ते ऐकायचं. लोक हसतील, फसवलं म्हणतील, असा तिचा अंदाज होता.

शनिवारी मी समोरच्या दूध डेअरीच्या पायरीवर बसले. ती फ्लेक्सशेजारी काठीसारखी ताठ उभी. दोन मोटारसायकली गेल्या, कोणी मान वळवली नाही. मग दुधाची किटली घेऊन एक म्हातारी थांबली.

“काय गं तेजे, कुणाची वाट बघतीस?”

“कुणाची न्हाई, कुशाआत्या.”

कुशाबाईंनी वर पाहिलं. “आन ही कोण बया? साबणाची जाहिरात का?”

“मी हाय ती.”

“गप. तू तर हितं हाईस.”

“आत्या, सरपंच झाले म्हणून लावलाय.”

“सरपंच झालीस ते ठावं हाय मला. तेच इचारायचं व्हतं. आमच्या आळीला पाणी कधी सोडणार? समदं देवळाकडंच जातंय.”

“सकाळी सोडतात म्हणं की.”

“कोण म्हणतं? चल, कोरडा नळ दावते.”

तेजस्विनीने तिच्या हातातली किटली घेतली आणि दोघी भांडत भांडत आळीत शिरल्या. आपण इथे कशासाठी उभे होतो, हे ती साफ विसरली होती. मी पायरीवर तशीच बसून राहिले.

एवढ्यात भरत शिडी घेऊन आला. “फ्लेक्स उतरवतो, मॅडम. ही कुठं गेली?”

“नळ बघायला.”

“आन सह्यांचं?”

“ते तिलाच विचारा.”

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. “मॅडम, बसले.”

“कसं वाटलं?”

“अडकले. खुर्चीला दोन्ही बाजूनं हात व्हते. उठाया गेले, तर खुर्ची बी संगं उठली.”

“कोणी हसलं?”

“हसले की! सोपानभावजी तर डोळं पुसत व्हते. मंग मी म्हणलं, हसून झालं आसंल तर लिवा. पयला ठराव, कुशाआत्याच्या आळीचं पाणी. दुसरा, सरपंचाला बिनहाताची रुंद खुर्ची. सूचक मी.”

“आणि अनुमोदन?”

“भावजींचं. खुर्ची वढून त्यांनीच तर सोडवली मला.”