तीन टिंग

मित्रांनो, मी एक जुनी टेबलघंटी आहे, आणि मला माझ्याच आवाजाची भीती वाटते. स्वतःच्या आवाजाला भिणारी घंटी म्हणजे पाण्याला भिणारा मासा, हे मला कळतं. हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसले असते, पण माझ्या डोक्यात कुणी टपली मारल्याशिवाय मला हसता येत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळी पत्रा दाबून माझी उपडी वाटी केली, तिच्यावर चकचकीत मुलामा चढवला आणि पोटात एक चिमुकली हातोडी बसवली. कारागिराने पहिली टपली मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "ही बोलेल." त्याने एवढंच कौतुक केलं, पण मला ते जन्मभर पुरलं.

पुढे मी एका लॉजच्या काउंटरवर बसले. तिथे आमच्या बाई किल्ल्या सांभाळायच्या. घाईतलं गिऱ्हाईक मला असं बडवायचं, जणू त्याच्या खोलीची किल्ली माझ्याच पोटात आहे. मग बाई हलकेच तळहात ठेवून माझा आवाज थांबवायच्या आणि म्हणायच्या, "आले हो. तिचं डोकं कशाला फोडता? फोडायचंच असेल तर मालकांचं आत आहे." बाई निवृत्त झाल्या तेव्हा मालकांनी मलाच कागदात गुंडाळून त्यांच्या हाती दिलं. भेटही झाली आणि अडगळही गेली. मालक हुशार होते.

घरी मी फ्रिजच्या डोक्यावर सुखात धूळ खात होते. पण एके दिवशी बाईंना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा हाडांवर नुसतं कातडं होतं, आणि आवाज तर औषधालाही उरला नव्हता. त्यांचे यजमान, म्हणजे नाना, चष्मे दुरुस्त करतात. बारीक स्क्रू नजरेने पकडणारा तो माणूस बाईंच्या छातीकडे तासन्‌तास बघत बसायचा, की ती वर-खाली होतेय ना. शेवटी त्यांनीच मला बाईंच्या हाताशी ठेवलं आणि समजावलं, "हे बघ, एक टिंग म्हणजे पाणी. दोन टिंग म्हणजे जवळ येऊन बसा. आणि तीन..." तीनचा अर्थ सांगताना नाना चष्मा पुसू लागले. अर्थ सगळ्यांना कळला. तीन म्हणजे श्वास पुरत नाही.

मित्रांनो, ती तिसरी टपली माझ्या डोक्यावर किती वेळा पडली, ते मी मोजलं नाही. बाईंचं बोट गार असायचं. पहिल्या टपलीला मी मनात म्हणायचे, पाणीच हवं असेल. दुसरीला म्हणायचे, एकटं वाटत असेल. आणि मग ते बोट पुन्हा उचललं जाऊ नये म्हणून मी धावा करायचे. घंटीने धावा करायचा म्हणजे गप्प बसायचं, आणि तेवढंच मला जमत नव्हतं.

बाई वाचल्या. भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं मशीन परत गेलं. मी मात्र परत जाण्याजोगी नव्हते. शेजारच्या घरात चमचा पडला तरी नाना दचकून उठायचे. म्हणून त्यांनी मला एका लोकरीच्या मोज्यात कोंबलं आणि कपाटात गरम कपड्यांच्या मागे ढकलून दिलं. माझ्या नोकरीचा निरोपसमारंभ असा झाला.

मग बाईंचा वाढदिवस आला. स्वेटर शोधता शोधता त्यांच्या हाती मोजा लागला. त्यांनी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि थेट केकशेजारी नेऊन ठेवलं.

"ही कशाला इथे?" नानांचा चेहरा उतरला.

"वाढदिवस तिच्यामुळेच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही शर्ट बदला जा. वऱ्हाडी असल्यासारखे दिसताय, तेही शेवटच्या पंगतीतले."

नाना आत गेले. त्यांची मुलगी स्वयंपाकघरात फळं कापत होती. मेणबत्ती एकच होती आणि मुलीने ती मुद्दाम लहान आणली होती. आईला फुंकर झेपेल की नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आले. उत्साहाने त्यांनीच मेणबत्ती पेटवली.

"मंडळी कुठायत? मेण केकवर ओघळायला लागलं की," असं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी त्यांना दिसले. हेडमास्तरांना घंटी दिसणं आणि मांजराला दूध दिसणं, यात फरक तो काय?

टिंग. टिंग. टिंग.

माझ्या पोटातली हातोडी गार पडली. स्वयंपाकघरात ताटली फुटली. मुलगी धावत आली. फोन तिच्या कानाला होता आणि ती पत्ता सांगत होती, "हो, श्वास, लवकर या." आणि नाना आले. नव्या शर्टाची एक बाही अंगात होती, दुसरी मागे फरफटत होती. सवयीने ते आधी मशीनच्या कोपऱ्याकडे धावले होते. तिथे आता उभा पंखा असायचा. नानांनी तोच कवटाळून आणला होता. केकसमोर येऊन ते थांबले, टेबलावर वाकले आणि अशी धाप टाकली, की मेणबत्ती विझली.

बाई खुर्चीत व्यवस्थित बसल्या होत्या.

"मी फक्त सगळ्यांना बोलावत होतो," हेडमास्तर पुटपुटले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बाकावर उभं केल्यासारखं वाटत असावं.

बाई पंख्याकडे बघत होत्या. मग त्यांनी लोंबत्या बाहीकडे पाहिलं.

"तुम्ही असे यायचात?" त्यांनी विचारलं. "माझे डोळे मिटलेले असायचे. मला वाटायचं, तुम्ही चालत येता."

नानांनी पंखा खाली ठेवला. "चालतच यायचो," ते म्हणाले. "आज जरा उशीर झाला, म्हणून."

बाईंनी ती बाही धरली आणि लहान मुलाचा घालावा तसा त्यांचा हात तिच्यात घातला. बटणंही लावली. मागे मुलगी फोनवर सांगत होती, "नको, नका पाठवू. ती बरी आहे. वाढदिवस आहे तिचा." एवढं बोलून ती रडायला लागली.

"पेटवा परत," बाई म्हणाल्या. "माझ्या वाढदिवसाची मेणबत्ती नवऱ्याने विझवली तर जग काय म्हणेल?"

पहिल्या फुंकरीला ज्योत नुसती वाकली. खोलीत कुणाचाच श्वास चालू नव्हता. दुसऱ्या फुंकरीला ती विझली आणि बाईंना खोकला आला. सगळे उठले.

"बसा," बाई म्हणाल्या. "हा साधा आहे."

मला मोज्यात घालायला नानांनी हात पुढे केला, पण बाईंनी मला आपल्याजवळ ओढून घेतलं.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. घरातलं आजारी माणूस बरं झालं, की त्याच्या उशाशी असलेली घंटी कपाटात लपवू नका. तिथे आवाज मरत नाही, नुसता दबा धरून बसतो. तिला रोज कुठल्यातरी फालतू कामासाठी वाजवा. चहा झाला, म्हणून वाजवा. वर्तमानपत्र कुठे ठेवलं, म्हणून वाजवा. बाई हल्ली हेच करतात. नाना अजून धावतच येतात, पण काल दारापर्यंत धावले आणि पुढची चार पावलं चालले.