मेहुण्याच्या कोटावरचा गंज

चक्रीवादळाने लाँड्रीमास्तरांच्या दुकानाचं छप्पर नेलं, कपडे धुण्याचं मोठं मशीन मारलं आणि दर्शनी भिंतीवरची पाटी मात्र जशीच्या तशी ठेवली. 'डाग राहिला तर दुकान तुमचं', असं त्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत रंगवलेलं होतं. वादळालाही वाचता येत असावं, असं मास्तरांची बायको म्हणाली. मास्तरांना हा विनोद आवडला नाही. पाटी त्यांच्या मते विनोदाचा विषय नव्हती.

विमा कंपनीचा सर्व्हेअर यायला आठवडा लागला. एवढ्या वेळात दुसरा कुणी पडझडीत कपाळाला हात लावून बसून राहिला असता, आणि त्यातच त्याचं भलं झालं असतं. मास्तर बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वाकलेले पत्रे भंगारवाल्याला देऊन टाकले, नवे ठोकून घेतले, चिखल उपसला, फरशी फिनाइलने पुसली आणि समाधान होईना म्हणून पुन्हा पुसली. गिऱ्हाइकांचे भिजलेले कपडे घरी नेऊन हाताने धुतले, इस्त्री केले आणि ज्याचे त्याला पोचवले. बंद पडलेलं मशीनही त्यांनी इतकं चकचकीत केलं, की ते मेलंय हे मुद्दाम सांगावं लागे.

सर्व्हेअर आला तेव्हा नुकसान कुठे दाखवावं, हा प्रश्नच होता. तो फरशीकडे बघत उभा राहिला. मास्तर त्याच्या जॅकेटकडे बघत उभे राहिले. इतकं चुरगळलेलं जॅकेट घालून माणूस आपल्या दुकानातून बाहेर पडला, तर लोक काय म्हणतील? त्यांनी ते मागून घेतलं आणि कडक इस्त्री करून दिलं. सर्व्हेअर खुशीत गेला आणि त्याने खुशीत अहवाल लिहिला. दुकान अतिशय स्वच्छ आढळले. मशीन रस्त्यावरून आत शिरलेल्या पाण्याने बिघडले असावे. विम्यात वाऱ्याचे नुकसान येते, पुराचे येत नाही. सबब दावा नामंजूर.

"बघा, निदान स्वच्छ म्हणाला," बायको म्हणाली.

मशीनशिवाय दुकान चालणार नव्हतं आणि विम्याशिवाय मशीन येणार नव्हतं. तिसरा मार्ग मेहुण्याने सुचवला, त्यामुळे तो मार्ग मास्तरांनी ऐकण्याआधीच बाद केला होता. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. त्याच्या नाणी टाकून चालणाऱ्या मशीनच्या लाँड्र्या होत्या. लोक यायचे, आपले कपडे आपणच धुवायचे आणि वर पैसे देऊन जायचे. हॉटेलात जाऊन आपली भाजी आपणच चिरावी, तसला हा प्रकार, असं मास्तर म्हणत.

"भाऊजी, माझ्याकडे काउंटरवर बसा," मेहुणा म्हणाला. "वर पंखा आहे. लोकांना सुट्टी नाणी द्यायची, बस. आणि तुमची जागा मी चालवतो. पाटी हवी तर राहू दे."

मास्तर त्याच दुपारी वकिलाकडे गेले.

वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. जिना अरुंद, खोली लहान आणि बाईंचा आवाज दोन्हींना न शोभणारा. त्यांनी अहवाल उभ्याउभ्याच वाचला आणि टेबलावर टाकला.

"हा दावा आपण जिंकतो," त्या म्हणाल्या. "पाणी वरून आलं की खालून, एवढाच प्रश्न आहे. वरून आलं असेल तर छप्पर उडाल्यामुळे आलं, आणि छप्पर वाऱ्याने उडालं. पुरावा काय आहे? जुने पत्रे?"

"भंगारात दिले."

"फोटो?"

"मळलेल्या वस्तूचे फोटो काढायची आमच्याकडे पद्धत नाही."

"शेजारी सांगतील?"

"सांगतील की. पण त्यांचेही दावे त्याच कंपनीकडे आहेत. कंपनी म्हणते, तुम्ही सगळे एकमेकांचीच री ओढणार."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, नीट आठवा. वादळात सापडलेलं आणि तुम्ही न धुतलेलं असं एकही काही नाही?"

"आमच्या दुकानात?" मास्तर म्हणाले. खून केलात का, असं विचारल्यावर माणूस बोलेल त्या आवाजात.

शेजारच्या खुर्चीतली बायको छताकडे बघू लागली. तिचं छताकडे बघणं मास्तरांच्या चांगल्या ओळखीचं होतं. लग्नाआधी त्यांनी पगार वाढवून सांगितला होता, तेव्हाही ती असंच बघत होती.

"अहो, दादाचा कोट," ती म्हणाली.

"तो तयार आहे. फक्त पोचवायचा राहिलाय."

"पलंगाखालच्या ट्रंकेत आहे तो," बायको वकीलबाईंना म्हणाली. "वादळाच्या दिवशी मशीनच्या शेजारी उंच दांड्यावर टांगलेला होता. तेव्हापासून आमच्या घरात व्हिनेगरचा वास येतो. विचारलं की म्हणतात, लोणचं घालतोय."

घरून कोट आला. मलईच्या रंगाचा, लोकरी, मेहुण्याने समारंभात मिरवायला शिवून घेतलेला. दोन्ही खांद्यांवर गंजाचे तांबूस पट्टे होते आणि तिथून ओघळ खाली उतरून छातीवर विरले होते. खालचा काठ मात्र कालच शिवल्यासारखा. वकीलबाईंनी तो खिडकीशी धरला आणि पहिल्यांदाच हसल्या.

"रस्त्यावरचं पाणी खांद्यापर्यंत चढलं आणि काठाला शिवलंसुद्धा नाही, असं कंपनीला सिद्ध करू द्या. मशीनचं पॅनेल या खांद्यांच्याच उंचीवर आहे ना?"

"हो. पण बाई, माझ्याकडे अजून एक उपाय शिल्लक आहे. दोन दिवस द्या. डागाचं नाव राहणार नाही."

"आजपासून या कोटाला हात लावायचा नाही. हा माझ्या कपाटात राहील."

"तुमच्या कपाटात कसर लागेल."

"कसर लागली तर ती खालून लागेल, आपला डाग वरून आहे," वकीलबाई म्हणाल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सुनावणीपर्यंत मास्तरांना चैन नव्हतं. दावा जाईल याची धास्ती होतीच, पण तिचं काहीतरी करायला वकीलबाई होत्या. दुसरी धास्ती त्यांची एकट्याची होती. कोट वादळाआधी दुकानात आला होता हे सांगायला मेहुणा साक्षीदार म्हणून येणार होता. त्याच्या देखत, भरल्या खोलीत, डाग निघाला नाही असं म्हणायचं. आणि पाटीवर काय लिहिलंय हे मेहुण्याला पाठ होतं.

"सांगून टाका की," बायको म्हणाली. "दादा काय खाणार आहे तुम्हाला?"

"खाणार नाही. हसेल."

"मग हसू दे. पंख्याखाली बसून नाणी मोजताना रोज हसेल, त्यापेक्षा एकदाच बरं."

मास्तर उठले आणि त्यांनी बुटाला पॉलिश केलं.

विम्याच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी एका लांबट खोलीत बसत. चेहरा शांत, आवाज शांत, आणि शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मास्तरांची नजर तिथे खिळली. हा जुना आहे, पण निघेल. वकीलबाईंनी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. मेहुणा मागच्या खुर्चीत, नवा टाय लावून.

कंपनीचा वकील गोड बोलायचा. त्याने कोट हातात घेतला, उलटसुलट केला, मान डोलावली.

"मास्तर, दुकानावरची पाटी तुमचीच ना?"

"माझीच."

"वाचून दाखवता?"

"डाग राहिला तर दुकान तुमचं."

"वा. आणि ही पाटी खरी?"

मास्तर कोटाच्या खांद्यांकडे बघू लागले.

"त्याचं काय आहे," वकील अधिकाऱ्यांकडे वळला, "यांच्या हातून डाग सुटत नाही, असं हे स्वतःच भिंतीवर लिहितात. मग वादळातला डाग अजून जिवंत कसा? तेव्हा एक तर हा डाग वादळानंतर, दाव्यासाठी, मुद्दाम पाडलाय. नाहीतर पाटी खोटी. दोन्हींतलं काय ते यांनी सांगावं."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. वकीलबाई नुसत्या मास्तरांकडे बघत राहिल्या. जिंकलेल्या माणसासारख्या. मास्तरांना त्यांचा राग आला. मग त्यांनी मागे वळून मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा टाय सारखा करत होता.

"पाटी खोटी आहे," मास्तर म्हणाले.

"जरा मोठ्याने," अधिकारी म्हणाले.

"पाटी खोटी आहे, साहेब. हा डाग माझ्याच्याने निघाला नाही." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबवणं अवघड झालं. "आधी लिंबू लावून उन्हात ठेवला. मग व्हिनेगर. मग गंज काढायची पावडर, पण आधी आतल्या शिवणीवर, कारण मलई रंग पिवळा पडतो. डावा खांदा जरा उजळला, तो इथे बघा. उजव्याला वाफ दिली ती चूक झाली, वाफेने डाग आणखी बसला. नुसता वरवरचा गंज असता तर चुटकीसरशी गेला असता. हा लोकरीच्या आत मुरलाय. वर पत्रे पेलणारी लोखंडी कैची होती, छप्पर गेल्यावर पाऊस रात्रभर तिच्यावरून ठिबकत होता. मुद्दाम पाडायचा म्हटलं तर असा पडायचा नाही, साहेब. असा डाग पाडायला वादळच लागतं."

अधिकारी लिहीत होते. लिहिणं संपल्यावर त्यांनी मेहुण्याला पुढे बोलावलं. "कोट तुमचा? दिलात तेव्हा कसा होता?"

"वादळाच्या आधी दिला. खांदे स्वच्छ होते. फक्त कॉलरवर चहा सांडला होता."

अधिकाऱ्यांनी कॉलर बघितली. "इथे तर चहा दिसत नाही."

"तो निघाला," मास्तर ताबडतोब म्हणाले.

कंपनीच्या वकिलाने शेवटचा हात मारून पाहिला. कोट उलटा टांगला असेल, म्हणजे पाणी खालूनच लागलं असेल.

"आमच्याकडे कोट उलटा टांगत नाहीत," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे टांगत असतील तर आणून द्या, इस्त्री करून देतो."

"एक विचारू का?" मेहुणा अधिकाऱ्यांना म्हणाला. "डाग राहिला, हे तर यांनी कबूलच केलंय. मग पाटीप्रमाणे दुकान आता माझं का?"

"तो वाद या खोलीत येत नाही," अधिकारी शांतपणे म्हणाले आणि पाणी प्यायले.

निकाल मास्तरांच्या बाजूने लागला. पाणी वरून आलं, छप्पर वाऱ्याने गेलं, मशीनची भरपाई कंपनीने द्यावी. वकीलबाईंनी फोनवर हे अशा आवाजात सांगितलं, की जणू हवामानाचा अंदाज बरोबर आला. कोट परत देताना मात्र त्या म्हणाल्या, "आता करा तुमचा राहिलेला उपाय."

तो करू द्यायला मेहुण्याने नकार दिला. तो आता प्रत्येक समारंभात तोच कोट घालून जातो आणि कुणी खांद्यांकडे बघितलं, की खटल्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगतो. ऐकणारे शेवटी विचारतात, कुठल्या लाँड्रीत दिला होता? मेहुणा पत्ता देतो. त्यातले बरेच जण कपडे घेऊन येतात, ही गोष्ट मास्तरांनी अजून मान्य केलेली नाही.

नवं मशीन बसलं त्या दिवशी पेंटरही आला. पाटी खोटी असल्याचं सरकारी कागदावर नोंदलं गेलंय, तेव्हा ती पुसून टाका, असं बायकोचं म्हणणं होतं. मास्तरांनी पेंटरला शिडीवर चढवलं, विम्याची पॉलिसी हातात घेतली आणि चष्मा लावला.

"वरची ओळ आहे तशी ठेव," ते म्हणाले. "खाली बारीक अक्षरांत लिही. वादळ, पूर, भूकंप आणि व्हिनेगर यांमुळे राहिलेले डाग वगळून."

"किती बारीक?"

मास्तरांनी त्याच्यासमोर पॉलिसीचं शेवटचं पान धरलं. "एवढं."

संध्याकाळी मेहुणा कोट घालून आला. पाटीखाली उभं राहून त्याने डोळे बारीक केले, मग पुढे गेला, मग भिंतीला नाक लागेपर्यंत आणखी पुढे गेला.

"भाऊजी, हे काय लिहिलंय?"

"नियम आहेत," मास्तर इस्त्री फिरवत म्हणाले. "या, आत या. आणि तो कोट काढा, कोपरापाशी चुरगळलाय."