बेण्याची लाख

पडली, पण फुटली नाही... मुखरूने ती काळी तबकडी पुन्हा उचलली, पुन्हा ओसरीच्या फरशीवर सोडली. टवकाही उडाला नाही. ग्रामोफोनची तबकडी म्हणजे कशी, हातातून निसटली की चार तुकडे. लाखेचीच ना ती, त्याच्या परसातल्या भट्टीसारख्याच भट्ट्यांतून गेलेल्या लाखेची. ही मेली वाकते आणि परत सरळ होते. विलायतेत आता सगळ्या अशाच, असं कलकत्त्याच्या पेढीचा माणूस काल सांगून गेला — हसत, पान चघळत, लग्नाचं बोलावणं द्यावं तसं. यात लाख नाही, शेठ. असेल तेवढी यंदाच द्या, ही आमची शेवटची खरेदी.

"अवो, फोडासाठी आनली का ते?" आतून गुणाबाई म्हणाली. "फुटून नाई राह्यली तं ठेवा ना खाली."

बायकोचं बरं आहे, तिला सगळंच खाली ठेवता येतं.

काल पेढीचा माणूस हे सांगत होता, त्या वेळी झिंगू अंगणात उभा होता. जंगलातल्या गावचा, त्याच्या माणसांनी पळसावरून तोडलेली लाख बापाच्या वेळेपासून याच भट्टीत वितळत आलेली. त्याने विचारलं होतं, "भाऊ, बेनं बी तोडू का?" आणि मुखरू बोलून गेला होता, "सारंच तोड. एक डगाल नोको ठेवू."

बेणं... दर साली काही झाडांवरच्या फांद्या तशाच सोडायच्या. आषाढात त्यांतून जिवंत कीड बाहेर पडते, त्या काड्या दुसऱ्या पळसांना बांधायच्या, की पुन्हा लाख. उपाशी राहा, पण बेण्याला हात लावू नको, असं बाप म्हणायचा. लढाईत जहाजं अडली, गोदामात लाखेचा दगड झाला, तरी त्याने बेणं तोडू दिलं नाही. नागपूरचे चुडीवाले, गावोगावचे सुतार, सोनार यांच्या दारात पोती घेऊन फिरला, पण भट्टी विझू दिली नाही. आणि मी? एक तबकडी पाहिली आणि हातपाय गाळून बसलो.

चुडीवाले तर अजून आहेतच. बायका काय लाखेच्या चुड्या भरायच्या थांबणार आहेत? भट्टी लहान होईल, पण जळेल... मग झिंगूकडे निरोप का पाठवत नाही? बैल गोठ्यात आहेत, गाडी दारात आहे.

पाठवला नाही, कारण — हे त्याला जेवताना, भाताचा घास तोंडाशी नेताना कळलं — त्याची खात्री होती की झिंगू ऐकणारच नाही. ती माणसं! देवाला विचारल्याशिवाय फांदीला कुऱ्हाड न लावणारी. माझ्या एका शब्दावर बेणं तोडतील होय? दोन-चार झाडं गुपचूप ठेवतील, आणि आषाढात मी खोटंखोटं रागवेन, आणि सगळं वाचेल. शेवटची खरेदीही हातची जाणार नाही, बेणंही जाणार नाही. या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं की तो चक्क झोपला.

दिवेलागणीला जंगलातल्या गावची गाडी आली. झिंगू भारे उतरवू लागला.

"आनलं सारं, भाऊ."

मुखरूने एक काडी उचलून नखाने खरवडली. लाल ओल बोटाला लागली. कीड जिवंत होती. अजून महिनाभर तिने झाडावर असायला हवं होतं.

"एक बी नाई ठेवली?"

"तुमीच तं सांगतलं."

"अरे, पन देवाच्या झाडावरची तरी..."

"ते बी तोडली. बुढे नाई म्हनत होते, बायका रडून राह्यल्या होत्या. मी म्हनलो, मुखरूभाऊ सांगते म्हंजे काई पाहूनच सांगते."

मुखरूला त्याच्यावर ओरडायचं होतं. कशाबद्दल? तू माझं ऐकलंस याबद्दल? बेणं वाचवायचं ओझं मी तुझ्या गळ्यात घातलं होतं रे, आणि तुला सांगितलंही नव्हतं... बोटावरची लाली त्याने धोतराला पुसली. ती गेली नाही, पसरली.

भारे उतरून झाले होते. तरी झिंगू गेला नाही. खांबाला टेकून तो शांतपणे उभा राहिला, पुढे काय करायचं ते भाऊ आता सांगतील म्हणून. आणि त्या शांत, भरवशाच्या चेहऱ्याकडे बघायची मुखरूला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.