घसरून पडला

मच्छिंद्रची मोटारसायकल श्रीगोंद्याच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, लाल फडकंही नव्हतं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ट्रॅक्टर-ट्रॉली त्याच्या चुलतभावाची, काकासाहेबाची. त्यानं दवाखान्याचं बिल भरलं आणि मच्छिंद्रच्या बायकोला, चांगुणाला सांगितलं, "वैनी, भावकीत पोलीस नको. घसरून पडला म्हणा." दवाखान्यात आलेल्या पोलिसांना तिनं तसाच जबाब दिला. भावकी जपायचं काम आपल्याकडं ज्याचा पाय जातो त्याच्याच घरावर येतं.

दवाखान्याच्या दारात एक एजंट भेटला. "ह्या वकीलपत्रावर सही करा, बाकी साहेब बघतील. भरपाईत तीस टक्के आमचे." साहेब कोण, ते सांगेना.

चांगुणानं सही केली नाही. तो कागद घेऊन ती नगरला स्नेहल वकिलीणबाईंकडं गेली. गावातल्या बनुबाईच्या अपघाताची केस त्यांनीच चालवली होती.

"फाडा हा," स्नेहल म्हणाली. "भरपाईत वकिलाला हिस्सा घेता येत नाही. आणि हा जबाब काय दिलाय? आपला आपण घसरला तर भरपाई कुणाकडं मागायची?"

"मग आता?"

"पुरवणी जबाब. समोरचा वकील तुम्हाला खोटारडी म्हणेल, ते ऐकायची तयारी ठेवा. अपघात कुणी पाहिला?"

"पंक्चरवाल्या अब्दुलनं. त्यानंच उचललं ह्यांना."

"मग लढता येईल. ट्रॅक्टरचा विमा असला तर पैसे कंपनी देते, मालक नाही."

हे ऐकून चांगुणा आधी काकासाहेबाकडंच गेली. "भावजी, तुमच्या खिशातनं काय जात न्हाई. कंपनी देती म्हनं."

काकासाहेब चहा फुंकत राहिला. "विमा मार्चातच संपलाय. आन् तुमाला काय कमी पडू दिलं का आमी?"

"पाय," चांगुणा म्हणाली आणि थेट पोलीस ठाण्यात गेली.

तिनं सगळं सांगितलं. हवालदारानं विचारलं, "मग तवा खोटं का बोलली?" आणि उत्तराची वाट न बघता लिहून टाकलं: दबावाखाली.

तिनं वाचलं. "खोडा ते. दबाव न्हवता. दिरानं सांगितलं, मला नात्याची भीड पडली, मी ऐकलं."

"बाई, तुझीच केस कमजोर व्हईल."

"तुमच्या कागदावर एकदा खोटं लिवलंय मी. परत न्हाई."

हवालदारानं खोडलं आणि ती म्हणाली तसं लिहिलं. चांगुणानं ते परत एकदा वाचलं, मग सही केली.