फुटण्यासाठी लावलेली काच

फुटलेली काच बोलू लागली तर माणसे आधी पाय मागे घेतील. हरकत नाही, दुरूनच ऐका. मी बोटभर रुंद आणि वीतभर लांब अशी काचेची एक पट्टी. निदान होते तरी. आता माझे दोन तुकडे आहेत आणि शहागंजच्या बाजारातल्या एका घराच्या कोनाड्यात ते कागदात गुंडाळून ठेवले आहेत.

त्याच बाजारातल्या एका फ्रेमवाल्याच्या दुकानात मी जन्मले. जन्मले म्हणण्यापेक्षा उरले म्हणावे. मोठ्या काचेतून तसबिरींसाठी तुकडे कापले गेले. माझ्या बहिणी कुणाच्या देवांवर, कुणाच्या वडीलधाऱ्यांवर जाऊन बसल्या आणि मी कडेचा उरलेला तुकडा म्हणून कोपऱ्यात उभी राहिले. एके दिवशी फारूख नावाचा तरुण इंजिनिअर आला. जुनी घरे आणि फेरफार केलेली घरे तपासणे हे त्याचे काम. त्याने जाड पट्ट्या बाजूला सारल्या.

"पातळ द्या, चाचा. लवकर फुटेल अशी."

"लोक न फुटणारी मागतात, मियाँ," फ्रेमवाला हसला. "फुटणारी मागणारं गिऱ्हाईक तूच पहिला!"

त्याने मला पुंजारामांच्या घरी आणले. पुंजाराम मूळचे अजिंठ्याकडचे. शेती भावाकडे सोपवून त्यांनी शहरात भांड्यांचे दुकान थाटले होते. घर जुने, विटा-चुन्याचे. दुकान ऐसपैस व्हावे म्हणून त्यांनी खालची अर्धी भिंत काढून तिथे लोखंडी गर्डर टाकला आणि वर स्लॅबची नवी खोली चढवली. रंगरंगोटी अशी, की घराचे वय कळू नये. फक्त वरच्या खोलीचे दार लागेनासे झाले. सुताराने तासूनही ते लागेना, तेव्हा फारूखला बोलावणे गेले.

त्याने भिंतींवर बोटांनी टकटक केले, वासे पाहिले, गर्डरची टोके पाहिली. स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत रंगाखाली दडलेली एक तिरपी भेग त्याला सापडली. भेगेच्या अल्याड-पल्याड प्लास्टरचे दोन गोळे थापून त्याने माझी दोन्ही टोके त्यांत घट्ट बसवली आणि माझ्या अंगावर तारीख लिहिली.

दुकानात जाऊन तो पुंजारामांना म्हणाला, "काका, भिंत हलत असेल तर ही काच फुटेल. फुटली की लगेच मला बोलवा. आणि फुटली तर वर गर्दी नक्को."

पुंजाराम गिऱ्हाइकाला हंडा तोलून देत होते. "व्हय, व्हय," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी आवडाबाई तेव्हा आत भाकरी थापत होत्या. त्यांनी नंतर विचारले, "ती काच कशापायी लावली वो? नजर लागू नाय म्हनून?"

"इंजिनिअरचं काम हाय ते. हात लावू नको."

एवढेच त्यांना सांगितले गेले. त्यांनी हात लावला नाही. उलट रोज पदराच्या टोकाने माझ्यावरची धूळ तेवढी हलकेच झटकली. मला वाटते, या घरात माझी काळजी त्यांच्याइतकी कुणीच घेतली नाही.

पुढे लेकीचा साखरपुडा ठरला. पाहुण्यांना नवी खोली दिसावी म्हणून पंगत वरच बसवायची, हा पुंजारामांचा हट्ट. धान्याची पोती आणि मोठाली पातेली वर चढली. मला कारणे कळत नाहीत, फक्त ताण कळतो. तो वाढत गेला आणि एका दुपारी मी मधोमध तुटले, गोळ्यांतून निसटून खाली पडले. आवाज झाला, पण कुकरच्या शिट्टीत तो विरला.

केर काढताना आवडाबाईंना मी जमिनीवर सापडले. त्यांचा चेहरा उतरला. घरात शुभकार्य, आणि फुटकी काच! शिवाय परक्या माणसाने विश्वासाने लावलेली वस्तू आपल्या घरात फुटली, ही लाज वेगळीच. कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून त्यांनी माझे तुकडे कागदात गुंडाळून भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवले, फ्रेमवाल्याकडून तसलीच पट्टी आणली आणि माझ्या जागेच्या खाली डिंकाने नीट चिकटवली.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी फारूखचा फोन आला. पुंजारामांनी बोळकांडीत डोकावून सांगितले, "शाबूत हाय रे, अगदी आरशावानी! तूबी ये उद्या जेवायला."

सकाळी तो आला, पण जेवणाआधी बोळकांडीत गेला. आवडाबाई चहा घेऊन मागोमाग आल्या.

"मावशी, हिच्यावर तारीख नाही."

"तारीख पहिलीवर व्हती ना. ही त्याच्यापेक्षा बरी हाय का नाय?"

"पहिली?"

आवडाबाईंनी खालमानेने तुकड्यांचा कागद आणून पुढे केला. फारूखने माझे एकेक टोक आपापल्या गोळ्यातल्या ठशात बसवले. पूर्वी जिथे मी अखंड होते, तिथे माझ्याच दोन तुकड्यांमध्ये नख जाईल एवढी फट राहिली.

पुंजारामांना हाक मारून तो म्हणाला, "काका, भिंत सरकलीय. वर कुणाला पाठवू नका. सामानही उतरवा."

"आरं, पाव्हनं दारात हायेत! भांडेवाल्याचं घर पडाया आलं म्हनतील. सोयरीक मोडंल."

"मोडली तर मोडू द्या," आवडाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "फुटकी काच नगं म्हनून म्या ती लपवली, आन् त्याच छताखाली लेकीला बसवू? गल्लीत सतरंज्या टाका."

सतरंज्या गल्लीत पडल्या. एक पाहुणे कुरकुरले, "वरची खोली काय नुसती बघायलाच बांधली?" सासरे होणारे गृहस्थ मात्र सरळ पंगतीला बसले. सोयरीक मोडली नाही.

नंतर टेकू देऊन भिंत उघडली, तेव्हा गर्डरचे टोक विटांच्या चुऱ्यावर टेकलेले निघाले. तिथे नवा खांब उभा राहिला. ताज्या गिलाव्यावर फारूखने दुसरी पट्टी लावली. या वेळी चूल बंद करायला लावून आवडाबाईंना शेजारी उभे केले आणि मगच सगळे सांगितले.

भंगारवाला गल्लीतून अनेकदा गेला. मला कुणी दिले नाही. कुणी शेजारीण भिंत काढायचे बोलू लागली, की आवडाबाई कागद उलगडून मला दाखवतात.

माझी एवढीच विनंती आहे. भिंतीवर माझी बहीण आहे. ती फुटली, तर केरसुणीकडे हात नेऊ नका. आधी घरातल्या माणसांना बाहेर बोलवा. आम्हाला मागून वेचले तरी चालेल.