एका बाहीचा स्वेटर

मी एक जुना स्वेटर आहे. जुना म्हणजे वापरून विटलेला नव्हे हं! कुणाच्या अंगावर चढायचं भाग्य मला कित्येक वर्षं लाभलंच नाही. कारण मित्रांनो, मला एकच बाही आहे.

भाचा झाल्याची बातमी आली, तशी मावशीने हौसेने गाजराच्या रंगाची लोकर आणली. पाठ झाली, गळा झाला, उजवी बाही झाली. तोवर बाळ रांगायला लागला आणि मी काही त्याच्या डोक्यातून खाली उतरेना. "अगंबाई, वाढला की हा!" म्हणत मावशीने मला उसवलं आणि मोठ्या मापाचे टाके घातले. पुढेही तेच. एक बाही झाली की तिचा हुरूप संपायचा आणि बाळ वाढायचा. शेवटी बाळाला मिशा आल्या, नोकरी लागली, उंची थांबली. तरी माझं गाडं एका बाहीवरच अडलेलं!

मग मी कपाटात जाऊन बसलो.

"टाक आता ते लक्तर," काका म्हणायचे.

"टाकलेलं नाहीये ते. ठेवलंय!" मावशी फणकारायची.

खरं सांगतो, मला यातला फरक कळत नव्हता. अंधार तर दोन्हीकडे सारखाच. पण मावशी दर वर्षी मला उन्हात घालायची, माझ्या डांबरगोळ्या बदलायची. टाकलेल्याचे एवढे लाड कोण करतं?

एका थंडीत काकांनी डाव साधला. मावशी आंघोळीला गेली आणि त्यांनी मला उचललं. "स्कूटर पुसायला झकास आहे!" बादली भरली. माझी पाचावर धारण बसली. आता मी कायमचं फडकं होणार!

तेवढ्यात दारात बाळ. डावा हात प्लास्टरमध्ये, अंगावर नुसती चादर, दात कडकड वाजताहेत.

"अरे, काय करून घेतलंस हे?" मावशी ओल्या केसांनीच धावली.

"घसरलो गं. हात कुठल्या बाहीतच जात नाही!"

मावशीने काकांच्या हाताकडे पाहिलं. मला झटक्यात ओढून तिने बाळाच्या डोक्यातून घातलं. उजवा हात बाहीत, डावा मोकळ्या भोकातून बाहेर. अगदी मापाचा!

"बघा! म्हणूनच ठेवला होता," मावशी काकांना म्हणाली. काकांनी भरलेली बादली मोरीत ओतून टाकली. मला तर रडूच आलं, पण लोकरीला रडता येत नाही.

प्लास्टर निघालं त्या दिवशी वाटलं, झालं, पुन्हा कपाट. मावशी सुया घेऊनच आली. "दे इकडे, आता दुसरी बाही घालते."

बाळाने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "अजिबात नको मावशी! तू परत एवढी वर्षं घेशील."

मित्रांनो, तुमच्या कपाटातही कुणी अर्धवट बसलेलं असेल. त्याला हाकलू नका. पूर्ण करायला सवड नसेल तर राहू द्या, पण अधूनमधून डांबरगोळी तेवढी बदला. त्याला कळू द्या, की त्याला ठेवलंय.