रीतीप्रमाणे संमती

बोनेफासने पांढरा कोंबडा दोन्ही हातांनी पुढे केला, तेव्हा कंपनीचा साहेब क्षणभर गांगरला. कोंबडा घ्यायचा की नुसता कुरवाळायचा, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी बसलेल्या रोफीने हळूच खूण केली आणि साहेबाने पंखांवरून हात फिरवला. ढोलघरात, गावाच्या सामायिक घरात, जमलेल्या म्हाताऱ्यांना बरं वाटलं. ताडी फिरली. साहेबाबरोबरच्या मुलीने फोटो काढले.

गोलो मेनेसमध्ये लांबून आलेल्या माणसाला असंच घरात घेतात, मग तो पाद्री असो, पोलीस असो की रस्ता चुकलेला ट्रकवाला. आधी कोंबडा आणि ताडी, नंतर ‘काय काम काढलंत?’ हा प्रश्न. आधी कामाचं विचारणारा रानटी ठरतो, आणि बोनेफास तर गावचा प्रमुख.

काम काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सरकारने कायदा केला होता की कोळसा कमी करायचा आणि फ्लोरेस बेटाच्या डोंगरांखालच्या वाफेवर वीज करायची. कंपन्यांना करात सूट, रस्ते, सगळं मिळणार होतं. अट एकच, जमीन कुळांच्या सामायिक मालकीची असेल तिथे त्या लोकांची त्यांच्या रीतीप्रमाणे संमती हवी. अट घालणाऱ्याचं मन चांगलं असेल, पण रीत कशी असते ते बघायला तो काही डोंगर चढून आला नाही. आणि वाफेची विहीर खणायची होती ती गावाच्या गोल शेताच्या मधोमध. तिथल्या खुंट्यापासून प्रत्येक घराचा वाटा सुटतो. तो खुंटा गेला की कुणाचं काय, हे सांगणार कोण?

जेवणं झाल्यावर बोनेफासने नकार दिला. वीज हवी आहे, शेत मिळणार नाही, असं त्याने शांतपणे दोनदा सांगितलं. साहेबाने ऐकून घेतलं, भाताचं कौतुक केलं आणि पाहुणे गेले.

त्यांना घेऊन आलेला रोफी बोनेफासचा भाचा, जिल्ह्याच्या ऊर्जा कार्यालयात नोकरीला. आदल्या दिवशी त्याचाच फोन आला होता.

“मामा, नाही म्हणायचं तर खुशाल म्हण. पण कोंबडा दिल्याशिवाय पाठवू नकोस. साहेबांसमोर माझी लाज जाईल.”

पुढच्या महिन्यात तालुक्याच्या सभागृहात सुनावणी झाली. पडद्यावर मोठा फोटो आला. त्यात बोनेफास कोंबडा देत होता आणि साहेब हसत होता. कंपनीचा वकील म्हणाला, गावाने रीतीप्रमाणे संमती दिली आहे.

बोनेफास उठून म्हणाला की हे पाहुण्यांचं स्वागत आहे. सुनावणी घेणाऱ्या बाई बाहेरच्या, त्यांना दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या. वकिलाने रोफीकडे बोट दाखवलं. हा त्याच गावात वाढलेला, सरकारी नोकर, यालाच विचारा.

रोफी उभा राहिला. त्याची नजर जमिनीवर होती.

“आमच्यात कोंबडा दिला म्हणजे बोलणं मान्य झालं. नको असेल तर देतच नाहीत.”

फोनवरच्या त्या आर्जवाचा अर्थ बोनेफासला आत्ता कळला. पाहुण्यासमोर काय बोलावं, कोंबडा कसा धरावा, हे त्यानेच या पोराला मांडीवर बसवून शिकवलं होतं. परक्याने फसवलं असतं तर तो ओरडला असता.

“आजोबा,” बाई म्हणाल्या, “तुमच्याच गावचा माणूस हे सांगतोय.”

“नाही बाई. हा आमच्या गावचा नाही.”

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

“हा माझ्या बहिणीचा मुलगा. बहिणीचं मूल बापाच्या कुळाचं. आमच्या जमिनीबद्दल बोलायचा याला हक्क नाही.”

गोलो मेनेसच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. प्रमुख बोलला ते रीतीला धरून होतं, आणि ते बोलायची आजवर कुणाची छाती नव्हती. रोफीची आई बाळंतपणात गेली, बाप दुसरं लग्न करून मोकळा झाला, तेव्हा बोनेफासने आणि त्याच्या बायकोने ते तान्हं पोर घरी आणलं. पुढे कुणी चुकून ‘परक्या कुळाचा’ असं पुटपुटलं, तर बोनेफास त्याच्या अंगावर धावून जायचा.

बाईंनी वकिलाला सांगितलं की ही साक्ष धरता येणार नाही, संमती पुन्हा घ्यावी लागेल. वकील रोफीकडे बघून चरफडला. मग नोंदीसाठी म्हणून बाईंनी रोफीला विचारलं,

“मग तुमचं गाव कोणतं?”

रोफीने तोंड उघडलं आणि मामाकडे पाहिलं. लहानपणी शाळेत उत्तर अडलं की तो असाच बघायचा.

बोनेफासने रोफीच्या बापाच्या गावाचं नाव सांगितलं. ते नाव इतक्या वर्षांत त्याच्या घरात कुणी काढलं नव्हतं.